फ्रिजमधली काकू

माझे काका रबरी शिक्के बनवायचे. त्यांचं दुकान म्हणजे दोन इमारतींमधल्या बोळावर कुणीतरी छप्पर टाकलं असावं, एवढंच. आत एक गिऱ्हाईक आलं की दुसऱ्याने फुटपाथवर थांबायचं. भिंतीवर लाकडी मुठी टांगलेल्या, टेबलावर शाईच्या गाद्या, कोपऱ्यात रबर तापवून दाबायचं यंत्र. सगळं आयुष्य उलटी अक्षरं जुळवण्यात गेल्यामुळे सरळ मजकूर वाचताना काका जरासे अडखळत. ते वर्तमानपत्र आरशासमोर धरून वाचतात, असं काकू सगळ्यांना सांगायची. ते खोटं होतं, पण लोकांना पटायचं.

धंद्यात काकांचा एकच नियम होता. एकाच्या शिक्क्याची नक्कल दुसऱ्याला करून द्यायची नाही. मालकाने स्वतः येऊन, सहीचं पत्र देऊन मागितली तरच. एकदा माझ्या बाबांचा, म्हणजे काकांच्या सख्ख्या भावाचा, औषधाच्या दुकानाचा शिक्का हरवला. बाबा दुसरा करून घ्यायला गेले, तर काकांनी त्यांना ओळखीचा पुरावा मागितला. बाबा म्हणाले, अरे, आपण एका ताटात जेवलोय. काका म्हणाले, जेवलोय, पण दुकान तुझंच आहे हे त्यावरून सिद्ध होत नाही. त्या दोघांमध्ये पुढे बरेच दिवस फक्त माझ्यामार्फत बोलणं चालू होतं.

मग ऑफिसांना शिक्के लागेनासे झाले. सह्या कॉम्प्युटरवर व्हायला लागल्या आणि काका दिवसभर मुठींवरची धूळ पुसत बसायला लागले. अशातच तंत्रशाळेतले एक इलेक्ट्रॉनिक्सचे सर ‘तपासले’ असा शिक्का करून घ्यायला आले. त्यांना सगळे प्रोफेसर म्हणत. शिक्का होईपर्यंत त्यांनी खिशातून काडेपेटीएवढा निळा बोर्ड काढला आणि कडेच्या वाकलेल्या पिना चिमट्याने सरळ करत उभे राहिले. हे काय आहे, असं काकांनी विचारलं. प्रोफेसरांनी सांगितलं की हा एक चिमुकला कॉम्प्युटरच समजा. याला एखादा सेन्सर जोडायचा, त्यात प्रोग्रॅम भरायचा, मग दिवा लाव, मोटर फिरव, झाडाला पाणी घाल, जे सांगाल ते करतो.

“कोणाचा शिक्का आहे यावर?” काकांनी विचारलं.

“कोणाचाच नाही म्हटलं तरी चालेल,” प्रोफेसर म्हणाले. “याचा नकाशा सगळ्यांना खुला आहे. बघा, बनवा, बदला, विका. कोणी अडवत नाही. उलट नक्कल केलीत तर बनवणाऱ्याला आनंदच होतो.”

हे ऐकून काकांना बसावंसं वाटलं. बसायला खुर्ची नव्हती म्हणून ते रबर दाबायच्या यंत्रावर टेकले. यंत्र तापलेलं होतं. त्या भाजण्यापेक्षा प्रोफेसरांचं बोलणंच आपल्याला जास्त लागलं, असं काका पुढे कित्येक वर्षं सांगत. काकू मात्र म्हणायची की मलम मला लावावं लागलं, त्यामुळे काय जास्त लागलं ते मला विचारा.

काकांनी बोर्ड आणला, डाख द्यायचं सोल्डरिंग आयर्न आणलं, तारा आणल्या. पहिला बोर्ड जळाला. नकाशात पिन डावीकडे दिसली की काकांचा हात आपोआप उजवीकडे जायचा, त्यामुळे सगळी जोडणी आरशातल्यासारखी झाली होती. बोर्डातून बारीकशी धुराची रेघ निघाली आणि काकांनी मान डोलावली. अक्षर सुवाच्य आहे, उलटं आलंय इतकंच, असं त्यांचं मत पडलं. दुसऱ्या बोर्डावर मात्र दिवा लुकलुकला. त्या संध्याकाळी आम्हा सगळ्यांना चहाला बोलावलं आणि एका ओळीत बसवून तो दिवा दाखवला. आम्ही चहा संपेपर्यंत तो बघितला. शेवटी काकू म्हणाली की दिवा लागतो आणि विझतो, हे छानच आहे, पण त्यासाठी आपल्याकडे बटण होतं.

काकूबद्दल सांगायला हवं. ती पोहण्याच्या तलावावर मुलांना शिकवायची. पाण्यात बुडालेल्या कानांपर्यंत पोचायचं म्हणजे आवाज तसा लागतो, आणि तो तिच्याकडे होता. तलावाच्या पलीकडच्या टोकाला एखाद्याने पाय मारायचा आळस केला की काकू ओरडायची, आणि त्या मुलासकट शेजारच्या बँकेतल्या रांगेतली माणसंही पाय हलवायची, असं म्हणत. घरी मात्र ती हळू बोले. घसा तलावावर खर्ची पडतो, घरी काय उरणार, असं तिचं म्हणणं.

तिला दिव्याचं कौतुक नव्हतं, काळजी होती ती जॅमची. डॉक्टरांनी काकांचं गोड बंद केलं होतं आणि काकू तलावावर गेली की काका फ्रिज उघडून चमच्याने जॅम खायचे. तेव्हा ती म्हणाली की एवढं यंत्र करताच आहात, तर मी घरात नसताना तुमच्यावर ओरडेल असं काहीतरी करा. दुसऱ्या कोणी असं स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतला नसता. काकांना मात्र ते काम म्हणून आवडलं. त्यांनी फ्रिजमध्ये प्रकाश ओळखणारा सेन्सर लावला. दार उघडलं, आतला दिवा लागला, की बोर्ड जागा होणार आणि स्पीकरमधून काकूचा आवाज येणार. आवाज घ्यायच्या दिवशी काकूला सर्दी होती. ती बॅग खांद्याला लावून दारात उभी होती आणि काकांनी फोन पुढे केला. ती घोगऱ्या आवाजात, मध्येच एकदा शिंकून, घाईघाईने म्हणाली, “अहो, पुन्हा? आत्ताच तर झालं ना खाऊन? बंद करा ते.” आणि गेली.

तेवढंच. पण फ्रिजमध्ये ते जे काही बसलं, त्याला तोड नव्हती. मी पाणी घ्यायला गेले तर मला ‘अहो’ म्हणून झापलं. बाबा बर्फ घ्यायला गेले तर ट्रे हातातून सुटला. खुद्द काकूने दार उघडलं तेव्हा तीही दचकली आणि म्हणाली, अहो, मी आहे. मग दूध गरम होईपर्यंत ती स्वतःवरच चिडलेली होती. काकांचं जॅम मात्र सुटलं. सुटलं म्हणजे त्यांनी बरणी फ्रिजमधून काढून कपाटात ठेवली. काकूला ते कळल्यावर कपाटातही एक बोर्ड बसला.

प्रोफेसर येऊन हे बघून गेले आणि म्हणाले की हा नकाशा आता जगाला द्यायला हवा, तुम्ही घेतलंत तसं द्या. काकांनी ते फार मनावर घेतलं. ज्या माणसाने सख्ख्या भावाला पुरावा मागितला, त्याने जोडणीचं चित्र काढलं, प्रोग्रॅमच्या ओळीओळीखाली समजावून लिहिलं, आणि ‘नक्कल जरूर करावी’ असा नवा शिक्का करून तो चित्राच्या चारही कोपऱ्यांत मारला. प्रोफेसरांनी सुचवलं की आवाज प्रत्येक जण आपापल्या घरातला भरेल, तो द्यायची गरज नाही. काका म्हणाले, अर्धं दार उघडं ठेवायचं असेल तर उघडायचं कशाला. सगळं इंटरनेटवर गेलं, काकूच्या आवाजासकट. काकूला विचारायचं राहिलं.

काही महिने शांततेत गेले. मग पत्रं यायला लागली. परकी भाषा मला थोडीफार येते, म्हणून बाबांच्या औषधाच्या दुकानातलं काम संपवून आले की मी ती काकांना वाचून दाखवायची. लोक खरंच नक्कल करत होते, पण स्वतःचा आवाज भरायचे कष्ट कोणी घेतले नव्हते. यंत्राबरोबर आवाज आला, तर तो यंत्राचाच असणार असं त्यांनी धरलं. त्या यंत्राला त्यांनी नावही दिलं होतं, कारण सुरू झाल्यावर ते आधी तेच म्हणायचं. नाव होतं ‘अहो’. एका म्हातारीने अहो फाटकाला लावला होता. एका संग्रहालयात लोक पुतळ्याला फार जवळून बघायला लागले की पुतळा त्यांना आत्ताच तर झालं ना खाऊन असं विचारायचा. एका गृहस्थाचा बदकांचा वाडा होता. त्याने कळवलं की कोल्हा रोज यायचा, आता एकदाच आला, ऐकलं आणि गेला. कोल्ह्याला त्या भाषेतलं नेमकं काय लागलं असेल, असंही त्याने विचारलं होतं. काकांनी उत्तर पाठवलं: ‘ते’ म्हणजे काय हे न सांगता ‘बंद करा ते’ म्हटलं की कोणालाही आपलंच काहीतरी आठवतं.

सगळ्यांत अवघड पत्र बर्फाच्या एका देशातून आलं. लिहिणाऱ्याचं आडनावच अहो होतं. तिकडे असतात म्हणे अशी आडनावं. त्याने मुलाच्या हौसेखातर यंत्र बसवलं होतं, आणि फ्रिज उघडल्यावर एका अनोळखी बाईने त्याला आडनावाने हाक मारली होती. त्याने अदबीने विचारलं होतं की माझ्याबद्दल आणखी काय काय माहीत आहे. काकांनी त्याला लिहिलं की इकडे बायका नवऱ्याला अहो म्हणतात. त्यावर त्याचं उत्तर आलं: माझ्या आजोबांनाही आजी आडनावानेच हाक मारायची, म्हणजे पद्धत एकच आहे. पुढे दोघांचं फार जमलं.

काकूला यातलं काही माहीत नव्हतं. तलावाचा गाळणी-पंप बदलायला परदेशातून एक इंजिनियर आला होता. दुपारी तो पंपघराच्या पायरीवर डबा उघडून बिस्किटं खात बसला होता. इकडे दोन मुलं वर्ग सुटल्यावरही शॉवरखाली नुसती उभी होती, दुसऱ्यांदा गेली होती, म्हणून काकू ओरडली, पुन्हा? बंद करा ते. पंपवाल्याने तोंडातलं बिस्किट बाहेर काढलं, डब्यात ठेवलं, झाकण लावलं आणि उठून उभा राहिला. मग तिच्याजवळ येऊन, मान किंचित झुकवून म्हणाला, “अहो.”

तिला आयुष्यात लोकांनी काकू, वहिनी, बाई अशा हाका मारल्या होत्या. ‘अहो’ ही फक्त तिने मारायची हाक होती. परक्या पुरुषाकडून ती ऐकून काकू लाल झाली. पंपवाल्याने आपल्या घरच्या फ्रिजचा फोटो दाखवला, त्यात काकांच्यासारखाच निळा बोर्ड होता. मग तिने ओले कपडेही बदलले नाहीत, टॉवेल गुंडाळून तशीच दुकानात आली.

मी तिथे होते, म्हणजे फुटपाथवर. काकांनी काहीच लपवलं नाही. काकूने सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं, आता न विचारता आवाज वाटला म्हणून घर डोक्यावर घेणार.

“घसा बसला होता माझा,” ती म्हणाली. “सर्दी होती. असल्या आवाजात मला जगभर फिरवलंत?”

काका म्हणाले की लोकांना आवडलाय.

“लोकांना काय कळतंय? तो माझा आवाज नाहीच. परत घ्या तो.”

प्रोफेसरांना बोलावलं. त्यांनी समजावून सांगितलं की दिलेलं परत घेता येत नाही, खुलं म्हणजे खुलं. फार तर सुधारलेली आवृत्ती देता येईल. मग काकूने आठवडाभर गरम पाणी प्यायलं, मिठाच्या गुळण्या केल्या, आणि स्वच्छ, गोल, तलावाच्या दोन्ही काठांना पुरेल अशा आवाजात तीच वाक्यं म्हटली. काकांनी ती पाठवली आणि लिहिलं: जुना आवाज चुकीचा होता, हा खरा आहे, कृपया बदलून घ्यावा.

जगाने बदलून घेतला नाही. लोकांनी लिहिलं की हा आवाज चांगला आहे, पण हा अहो नव्हे. संग्रहालयवाल्यांनी सांगितलं की लोक आता पुतळ्याच्या आणखी जवळ जातात, कारण त्यांना वाटतं की आपलं स्वागत होतंय. बदकवाल्याने कळवलं की कोल्हा परत आला. एकाने मूळ आवाजाचे तुकडे जोडून, मधली शिंक काढून एक दुरुस्त आवृत्ती केली, आणि बहुतेकांना ती पसंत पडली. कोणती काकू जास्त काकूसारखी, यावर लांबलचक चर्चा झाली, आणि त्या चर्चेत काकू दुसरी आली.

तिने मला स्वतः लिहायला बसवलं. सांग त्यांना, म्हणाली, मी बोलतेय, माझा आवाज कसा आहे ते मला माहीत. उत्तर आलं: क्षमा असावी, पण तुम्हीच त्या आहात याला काही पुरावा? ते वाचून बाबा इतके हसले की त्यांना औषधाच्या दुकानातल्या स्टुलावरून उतरवावं लागलं. काका हसले नाहीत. त्यांना तो प्रश्न रास्त वाटला, आणि तसं ते बोललेही. त्या दिवशी काका-काकू वेगवेगळे जेवले.

शेवटी प्रोफेसरांनी सगळ्यांना एकदाच समोरासमोर आणायचं ठरवलं. एका रविवारी काकांच्या बैठकीत लॅपटॉप उघडला आणि पडद्यावर चौकोनाचौकोनांतून माणसं आली: बदकवाला, फाटकाची म्हातारी, संग्रहालयाचा पहारेकरी, आडनावाचा अहो, आणि आणखी बरेच. काकू इस्त्रीची साडी नेसून, पाठ ताठ करून बसली. त्यांनी विनंती केली की एकदा म्हणून दाखवा. तिने म्हटलं. चौकोनांत माना हलल्या, नाही, नाही. पुन्हा म्हटलं. पुन्हा नाही. तेवढ्यात बदकवाल्याने, लांबलं म्हणून असेल, सँडविच काढलं आणि खायला सुरुवात केली. काकूचं टाळकं सरकलं. आपण इथे पुरावा देत बसलोय आणि हा खातोय. मग तिच्या तोंडून जे निघालं त्यात वाक्यं वेगळीच होती, आणि ती मी इथे लिहीत नाही. पण प्रत्येक चौकोनातला माणूस ताठ बसला. कोणीतरी आपल्या घरातलं कसलं तरी दार बंद केल्याचा आवाज आला. मग सगळे एकदम टाळ्या वाजवायला लागले, आणि आडनावाच्या अहोने डोळे पुसले.

तेव्हापासून ते यंत्र काकूचं झालं. काका सोल्डर करायचे, सेन्सर बदलायचे. पण कोणाला काय बोलायचं हे ती ठरवायची. तक्रार आली की आधी ती विचारायची, यंत्र कुठे लावलंय, कोणासाठी, तो माणूस वागायला कसा आहे. मग त्याच्यापुरतं वेगळं रेकॉर्ड करून द्यायची. कोल्ह्यासाठी एक नवीन केलं, ते करताना तिने मला खोलीबाहेर काढलं. दुकानात शिक्क्यांच्या मुठी मागच्या खणात गेल्या आणि पुढे बोर्ड आले. काकांनी कोणालाही पुरावा मागायचं सोडून दिलं, एकट्या बाबांना सोडून.

गेल्या हिवाळ्यात एका माणसाचं पत्र आलं. त्याने यंत्र फ्रिजला नाही, घराच्या दाराला लावलं होतं. तो एकटा राहायचा. त्याला ओरडणं नको होतं. मी दार उघडून आत आलो की कोणीतरी काहीतरी म्हणावं, एवढंच त्याने लिहिलं होतं. काय म्हणावं ते तुम्ही ठरवा, मला भाषा समजत नाही, त्यामुळे काहीही चालेल.

काकूने आधी साफ नकार दिला. मी काय सगळ्यांची बायको आहे का, म्हणाली. दोन दिवस ती विषय काढायची आणि स्वतःच बंद करायची. मग एका सकाळी तिने काकांना सांगितलं की त्याला ‘आलात?’ एवढंच पाठवू. पण ते काही केल्या जमेना. एकदा म्हटलं तर तिकीट तपासनीस विचारतोय असं वाटलं, एकदा म्हटलं तर का आलात असं ऐकू आलं. समोर कोणी येत नसताना आलात म्हणता येत नाही, असं ती म्हणाली, आणि काकांना दाराबाहेर पाठवलं.

काका बाहेर गेले आणि आत आले. “आलात?” ती म्हणाली. नाही जमलं. पुन्हा गेले, पुन्हा आले. मी फोन धरून सोफ्यावर बसले होते. जिन्यातल्या लोकांना काही कळेना. खालच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं की किल्ली हरवली का. समोरच्यांनी विचारलं, भांडण झालंय का. काका म्हणाले, नाही, मी येतोय. ते खरंच होतं, पण त्याने कोणाचं समाधान झालं नाही. असं होता होता काका दमले. एकदा बाहेर गेले ते पायरीवरच बसले, आणि डॉक्टरीणबाईंनी पाणी आणून दिलं, मग गप्पाच सुरू झाल्या.

आत काकू दाराकडे बघत उभी होती. वाट बघितली, पदर सारखा केला, घड्याळ बघितलं. काका येईनात. माझ्या हातातला फोन चालूच होता. शेवटी ती पुढे झाली, दार उघडलं आणि घरच्या त्या हळू आवाजात म्हणाली, “अहो, कुठे राहिलात?”

तेच पाठवलं. त्या माणसाचं उत्तर आलंय की यंत्र उत्तम चालतं, फक्त सेन्सर जरा जास्त तेज आहे, त्याची मांजर दारातून गेली तरी बोलतं. मांजरीला सवय झालीय, ती आता दारापर्यंत येऊन थांबते. काकांनी त्याला तारेचा एक वेगळा जोड सुचवलाय. काकूने मात्र माझ्याकडून त्याला लिहून घेतलं की मांजरीपुरतं तसंच राहू दे.